बंदीची यादी आणि मांडवातली माणसे

वसईच्या ख्रिस्ती समाजाविषयी मराठीत जे लेखन माझ्या वाचनात आले, त्यात दोन शब्द वारंवार भेटतात. एक 'अवशेष' आणि दुसरा 'समन्वय'. ख्रिस्ती घरच्या लग्नात मांडव घातला जातो, वधूवरांना हळद लागते, बायका बोलीतली गाणी म्हणतात, एवढे नोंदवले की लेखक त्यांना पूर्वीच्या हिंदू संस्कारांचे अवशेष म्हणतो. हिंदू आणि ख्रिस्ती शेजारी एकाच पंगतीला दिसले की त्याला समन्वय म्हणून तो मोकळा होतो. दोन्ही शब्दांमागे सदिच्छा असते. पण या शब्दांमुळे कुटुंबाच्या समारंभात प्रत्यक्ष काय घडते, कोण कशासाठी अडून बसते आणि कोण निस्तरते, हे झाकले जाते. या लेखात त्या दोन शब्दांची तपासणी करायची आहे.

विरार स्थानकाच्या पश्चिमेला आगाशी-अर्नाळ्याच्या रस्त्यावर बोळिंज लागते. एका अंगाला नंदाखालच्या ख्रिस्ती वाड्या, पुढे आगाशीचे भवानीशंकराचे देऊळ, पलीकडे निर्मळचे तीर्थ. या पट्ट्यात वाडवळ, सामवेदी, भंडारी, आगरी, कोळी अशी वस्ती पिढ्यान्‌पिढ्या आहे. सामवेदी बोली, जिला कादोडीही म्हणतात, ती इथे हिंदू सामवेदी ब्राह्मणांच्या घरात बोलली जाते आणि कुपारी ख्रिस्ती घरातही. आता या वाड्यांच्या शेजारी म्हाडाच्या कोकण मंडळाच्या उंच इमारती उभ्या आहेत. तिथे कोकणातले, खानदेशातले, घाटावरचे लोक सोडतीतून घर मिळवून आले. त्यांची मुले इथल्या मुलांबरोबर शिकतात आणि एकाच लोकलला लटकतात. पुढे कधी तरी त्यांतल्या दोघांचे जमते आणि दोन घरे समोरासमोर येतात.

अशा वेळी माझ्यासारख्या, जुने कागद वाचत बसणाऱ्या बाईकडे दोन्हीकडचे लोक येतात. प्रश्न सारखाच असतो: "हे चालतं का?" मुलीला हळद लावली तर चर्चला चालतं का? मिस्सा सुरू असताना आम्ही बसून राहिलो तर चालतं का? देवक बसवताना त्यांच्या आईला पुढे बोलावलं तर आमच्यात चालतं का? या 'चालतं का' मागे भीती असते. आपण नकळत कोणाचा तरी अपमान करू, किंवा आपलेच लोक आपल्याला नावे ठेवतील, ही ती भीती. ती कुठून आली, हे शोधताना मला एका यादीपर्यंत जावे लागले.

ती यादी १७३६ सालची आहे. गोव्यात इन्क्विझिशन १५६० साली स्थापन झाले. मधली १७७४ ते १७७८ ही चार वर्षे सोडली तर ते १८१२ पर्यंत चालले. १४ एप्रिल १७३६ रोजी या न्यायासनाने एक आदेश काढला. अनंत काकबा प्रियोळकरांनी १९६१ मध्ये इन्क्विझिशनवर जो इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यामुळे तो आपल्यासमोर आहे. बाटलेल्या कुटुंबांनी काय करायचे नाही, याची ती लांबलचक जंत्री आहे. लग्नात देशी वाद्ये वाजवायची नाहीत. पाने, सुपारी, फुले यांची देवघेव समारंभाने करायची नाही. हळद, दूध, खोबरेल, तांदळाचे पीठ असे कालवून वधूवरांच्या अंगाला लावायचे नाही. ओव्या म्हणायच्या नाहीत. अंगणात तुळस लावायची नाही. पुरुषांनी धोतर आणि बायकांनी चोळी घालायची नाही. भातात मीठ न घालता तो शिजवायचा नाही.

ही यादी बहुतेक वेळा जुलमाचा पुरावा म्हणून उद्धृत होते, आणि तशी ती आहेच. मला मात्र ती दुसऱ्या अंगानेही वाचावीशी वाटते. जी गोष्ट कोणी करत नाही, तिच्यावर बंदी घालावी लागत नाही. गोव्यात धर्मांतरे सुरू होऊन तोवर दोनशे वर्षे होत आली होती. इतक्या काळानंतर न्यायासनाला हळदीची आणि अळणी भाताची दखल घ्यावी लागते, याचा अर्थ ते सारे घरोघर चालू होते. म्हणून अठराव्या शतकातल्या या किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती घरात लग्न कसे लागत होते, याची तपशीलवार नोंद आपल्याला या यादीतच मिळते. पहारेकऱ्यानेच घराचे वर्णन लिहून ठेवले आहे.

यादीत काय नाही, तेही पाहण्यासारखे आहे. तिच्यातला फार मोठा भाग देव, मोक्ष किंवा पाप यांविषयी नाही. तो स्वयंपाकघर, अंगण, कपडे आणि गाणे यांविषयी आहे. ओवीचे उदाहरण घ्या. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये रायतूर येथे 'क्रिस्तपुराण' छापून घेतले. नव्या ख्रिस्ती लोकांना पुराणांची सवय होती, म्हणून ख्रिस्ताची कथा सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांत सांगितली. तोच छंद एकशेवीस वर्षांनी घरातल्या बायकांच्या तोंडी आला की गुन्हा ठरला. म्हणजे आक्षेप छंदावर नव्हता. धर्मगुरूने रचलेली ओवी देवळात चालत होती. घरात, बायकांनी, कोणाला न विचारता म्हटलेली ओवी चालत नव्हती.

आता वसईकडे वळू. वसई १५३४ च्या तहाने पोर्तुगिजांकडे गेली आणि गोव्याच्या इन्क्विझिशनचा अधिकार इथेही होता. हा आदेश मुख्यतः गोव्यातल्या लोकांना उद्देशून होता. त्यानंतर तीनच वर्षांनी, मे १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि ही सत्ताच इथून गेली. पुढे काही कुटुंबे हिंदू समाजात परतली, बाकीची ख्रिस्तीच राहिली. जी राहिली त्यांच्यावर आता पोर्तुगीज सत्तेचा दाब नव्हता. कोणतीही हिंदू रीत ठेवायला त्यांना मोकळीक होती, तशीच सोडायलाही.

'अवशेष' हा शब्द मला इथे तोकडा वाटतो. अवशेष म्हणजे पडलेल्या इमारतीचा उरलेला चौथरा. तो कोणी ठेवत नाही, नुसता राहून जातो. लग्नातली रीत अशी आपोआप राहत नाही. मांडवाला माणसे लागतात. लुगडे विणून घ्यावे लागते, नेसायला शिकावे लागते. आंबवलेल्या पिठाचे फुगे तळायला पहाटे चूल पेटवावी लागते. गाणे आजीकडून नातीला पाठ करून घ्यावे लागते. मुंबई-ठाण्याच्या ईस्ट इंडियन घरांत लग्नाआधी विहिरीवरून वाजतगाजत उंबराचे पाणी आणतात, तेही कोणीतरी ठरवून आणावे लागते. या समाजाने १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, 'ईस्ट इंडियन' हे नाव स्वीकारले, कारण इंग्रजी अमदानीत नोकऱ्यांसाठी वेगळी ओळख हवी होती. नाव बदलले, बोली आणि लुगडे ठेवले. यात काय सोडायचे आणि काय राखायचे याचा हिशेब स्पष्ट दिसतो. अडीचशेहून अधिक वर्षे दर पिढीने नव्याने केलेली ही निवड आहे.

'कुपारी' या शब्दाकडेही याच नजरेने पाहावे. तो पोर्तुगीज 'कॉम्पाद्रे'वरून आला, असे मानले जाते. मुलाचा बाप आणि बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मबाप यांनी एकमेकांना हाक मारायचा तो शब्द. रक्ताचे नाते नसलेल्या माणसाला विधीने सोयरा करून घ्यायचे, आणि त्या नात्याचे नाव अख्ख्या समाजाने धारण करायचे, ही गोष्ट समारंभातल्या पाहुण्यांविषयी बरेच सांगते. शब्द परका, उच्चार आपला, आणि भाव असा की आता तू घरचा.

दुसरा शब्द 'समन्वय'. याची झाडाझडती जास्त गरजेची आहे, कारण त्याच्याशी कोणी भांडत नाही. चर्चच्या बाजूने पाहिले तर रीतीभातींना मोकळीक देणारी वचने जुनी आहेत. ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्येच विवाहासंबंधीच्या स्थानिक चांगल्या चालीरीती राखाव्यात असे म्हटले होते. धर्मप्रसाराचे काम पाहणाऱ्या रोमच्या खात्याने १६५९ मध्ये पूर्वेकडे जाणाऱ्या मिशनऱ्यांना सूचना दिली, की श्रद्धेच्या किंवा नीतीच्या उघड विरोधात नसलेल्या चाली लोकांना सोडायला लावू नका. म्हणजे १७३६ ची यादी ही ख्रिस्ती धर्माची अपरिहार्य मागणी नव्हती. ती एका विशिष्ट सत्तेची भीती होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात ट्रेंटचेच वचन पुढे नेऊन विवाहाच्या स्थानिक रीती अवश्य राखाव्यात असे सांगितले. "हळद लावली तर चालतं का?" याचे उत्तर निदान तेव्हापासून लेखी आहे.

पण त्यानंतर जो 'समन्वय' आला, त्याचा तोंडवळा पाहा. भारतातल्या उपासनेसाठी एप्रिल १९६९ मध्ये रोमने बारा अनुकूलनांना मान्यता दिली. त्यात पादत्राणे काढणे, जमिनीवर बसणे, पंचांग प्रणाम, अंजली, आरती, तेलाचे दिवे या गोष्टी होत्या. हेतू चांगला होता आणि त्यातले काही रुळलेही. त्यावर टीका मात्र ख्रिस्ती समाजातूनच झाली, विशेषतः दलित ख्रिस्ती विचारवंतांकडून. भारतीय म्हणून जे निवडले ते उच्चवर्णीय, संस्कृत परंपरेतले आहे, असे त्यांचे म्हणणे होते. वसईच्या बाबतीत मी त्यात आणखी भर घालीन. समई आणि आरती बाहेरून आणून वेदीजवळ ठेवताना, लुगडे, फुगे आणि कादोडी गाणे हे आधीपासून घरात असलेले भारतीयपण समन्वय म्हणून मोजलेच गेले नाही. विद्वानांनी ठरवलेला तेवढा समन्वय, आणि घरातल्या बाईने ठरवलेला मात्र अवशेष, असा हा भेद आहे.

मराठी वाङ्मयात या घरगुती कामाची सर्वांत प्रामाणिक नोंद लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये आहे. नारायण वामन टिळकांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ मध्ये आला. या पुस्तकाच्या निरागस विनोदाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. मला त्या दोन तारखांमधली पाच वर्षे महत्त्वाची वाटतात. नवरा ख्रिस्ती आणि बायको सोवळे पाळणारी हिंदू, असा संसार मांडायचा म्हणजे पाणी कोणाचे, भांडे कोणाचे, चूल कोणाची हे रोज ठरवावे लागते. धर्मतत्त्वांवर नवराबायकोचे वाद होतात, पण पेच पडतो तो पाण्याच्या घागरीवर. आणि कोणाच्याही हातचे खायला हरकत नाही, या निर्णयाला त्या आल्या तेव्हा कोणाच्या उपदेशाने आल्या नाहीत. जात माणसांनी केली हे आपल्याशीच विचार करताना त्यांच्या मनाने घेतले. म्हणजे त्यांना कोणी समन्वय शिकवला नव्हता. त्यांना वेळ मिळाला, आणि तो वेळ ज्या घरात मिळाला तिथे त्यांची वेगळी चूल निभावून नेली गेली.

वसईच्या जुन्या मांडवाची पद्धतही याच्या जवळची होती. विधी वेगळा आणि रीत वेगळी. विधी देवळात, ठरल्या माणसाच्या हातून. त्यात बाहेरच्याने लुडबूड करायची नाही, आणि बाहेरच्यावर सक्तीही करायची नाही. रीत मांडवात. तिथे शेजारी कोणत्याही धर्माचा असो, त्याला काम होते. पाने लावणे, भांडी आणणे, नारळ खवणे, पाहुण्यांना पाणी देणे. हिंदू शेजाऱ्याने गुडघे टेकावेत अशी अपेक्षा नव्हती. पण त्याने सकाळी मांडवाला हात लावला नाही, तर मात्र मान राखला नाही असे होई. अपेक्षा होत्या, पण कोणती कुठे हे सर्वांना ठाऊक होते.

आज दोन्ही एकाच हॉलमध्ये, एकाच संध्याकाळच्या कार्यक्रमपत्रिकेत बसवायचे असतात. मग वरमाला किती वाजता, केक कधी, आशीर्वाद कोणाचा आधी, यावर ताण येतो. मुहूर्त ठरवण्यापासूनच हे सुरू होते. ख्रिस्ती घराला ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ आणि नाताळाआधीचे चार आठवडे नको असतात. हिंदू घराला आषाढी ते कार्तिकी एकादशीचा चातुर्मास नको, आणि अनेकांना पौषही नको. हे सगळे वजा केले की उरतात तुळशीच्या लग्नानंतरचे थोडे दिवस, माघातले काही, आणि ईस्टरनंतर आषाढापर्यंतचे. माझ्या पाहण्यातल्या अशा लग्नांत बहुधा दोन पत्रिका छापल्या जातात. एकीवर कुलदैवताचे नाव, दुसरीवर क्रूस. तारीख एक, वेळा दोन, आणि निमंत्रक आपापल्या बाजूचे. काही जणांना हे दुभंगलेपण वाटते. मला तो प्रामाणिकपणा वाटतो. दोन घरांनी आपापल्या देवाच्या साक्षीने बोलावले आहे, आणि पाहुणा दोन्ही पत्रिका हातात धरून एकाच लग्नाला येतो.

कारण काही फरक खरे असतात आणि ते कोणत्याही रोषणाईने बुजत नाहीत. १९८३ च्या चर्चच्या कायदासंहितेप्रमाणे ख्रिस्तेतर व्यक्तीशी लग्न करणाऱ्या कॅथलिकाला धर्माधिकाऱ्यांकडून सूट घ्यावी लागते. आपली श्रद्धा राखीन आणि मुलांना कॅथलिक म्हणून बाप्तिस्मा देऊन वाढवण्यासाठी शक्य ते सर्व करीन, असे वचन द्यावे लागते. दुसऱ्या जोडीदाराला या वचनाची स्पष्ट कल्पना देणेही आवश्यक आहे. दुसऱ्या बाजूला, १९५५ चा हिंदू विवाह कायदा दोन्ही पक्ष हिंदू असतील तरच लागू होतो. त्यामुळे एक जण ख्रिस्ती राहणार असेल तर केवळ सप्तपदीने ते लग्न कायद्याने उभे राहत नाही. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली किंवा १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली, तीस दिवसांची नोटीस देऊन, ते करावे लागते. मुलाचे नाव काय, बारसे की बाप्तिस्मा, हा प्रश्न लग्नाच्या हळदीत मिसळून पुढे ढकलला की तो पहिल्या बाळाच्या पाळण्याशी उभा राहतो. तेव्हा तो सोडवण्याचा भार आईवर, म्हणजे त्या घरात सर्वांत नव्या आलेल्या बाईवर पडतो. समन्वयाचे गोड बोलणे तिला इथे उपयोगी पडत नाही. वचन कोणी काय दिले आहे हे दोन्ही घरांनी मांडवापूर्वी एकमेकांसमोर बोलणे उपयोगी पडते.

हा प्रश्न वसईच्या वाड्यांपुरता राहिलेला नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो नंदाखालचे. 'सुवार्ता' मासिकाचे दीर्घकाळ संपादक, 'सुबोध बायबल'साठी साहित्य अकादमी पुरस्काराचे मानकरी. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला झालेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा ते धर्मगुरू आहेत या कारणाने विरोध झाला. संमेलन म्हणजे मराठीचे मोठे घरकार्यच. तिथे ज्याला चारशे वर्षांपूर्वीच्या 'क्रिस्तपुराणा'पासूनचा वारसा आहे, तो घरचा की पाहुणा, असा वाद निघाला. मला त्या वादात १७३६ च्या यादीचीच मांडणी दिसली, फक्त बाजू उलटी. तेव्हा विचारले गेले, ख्रिस्ती आहेस तर हळद कशाला? आता विचारले जाते, ख्रिस्ती आहेस तर मराठीचे अध्यक्षपद कशाला? दोन्ही प्रश्न असे धरून चालतात की माणसाने एकच काहीतरी असावे, आणि उरलेले म्हणजे अवशेष. गेल्या वर्षी-दोन वर्षांत आमच्या भागात दोन्ही धर्मांतल्या उत्साही मंडळींकडून लग्नात काय टाळावे याची तोंडी यादी पुन्हा फिरू लागल्याचे मी ऐकते, आणि म्हणून हा जुना कागद आज वाचायला हवा असे मला वाटते.

अभ्यासकांसाठी इथे एक काम शिल्लक आहे. वाडवळी, सामवेदी, ईस्ट इंडियन लग्नगीते आपण आजवर धर्माच्या वेगवेगळ्या खणांत ठेवून पाहिली. ती शेजारी शेजारी ठेवून ऐकायला हवीत. एकाच प्रसंगाचे, समजा मुलीला अंघोळ घालतानाचे किंवा तिची पाठवणी करतानाचे, हिंदू घरातले आणि ख्रिस्ती घरातले गाणे एका पानावर उतरवावे. कोणत्या ओळीत देवाचे नाव बदलते आणि कोणती ओळ तशीच राहते, ते पाहावे. गाणे कोणी शिकवले, त्या बाईचे नाव खाली लिहावे. बंदी घालणाऱ्यांनी आपली यादी नीट तपशीलवार लिहून ठेवली होती. ज्यांनी त्या गोष्टी चालू ठेवल्या त्यांची यादी अजून कोणी केलेली नाही, आणि ती गाणी पाठ असलेल्या बाया आता सत्तरीच्या पुढच्या आहेत.